डोळ्यांना दिसेल असा रिपोर्ट

पॅथॉलॉजीच्या कामात बहुतेक गोष्टी शेवटी आकडा होऊन बाहेर पडतात. साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन. आकडा, त्याच्यापुढे नॉर्मल मर्यादा, आणि मर्यादा ओलांडली असेल तर ठळक टाइप. रक्त साकळण्याच्या तपासण्या या साच्यात नीट बसत नाहीत. साकळणं ही घटना आहे. ती सुरू होते, जोर धरते, गुठळी घट्ट होते आणि पुढे कधीतरी विरघळते. तिचा एकच आकडा काढला की बाकीची हकीकत गळून जाते. रांजणगावात लॅब चालवताना माझं एक मत पक्कं होत गेलं. या तपासणीचा निकाल काढला म्हणजे आमचं निम्मं काम झालं. उपचार करणाऱ्या डॉक्टरला तो एका नजरेत दिसेल असा पोचवणं हे उरलेलं निम्मं.

बाहेरच्यांना रांजणगाव माहीत असतं ते महागणपतीमुळे, नाहीतर एमआयडीसीमुळे. पण कारखान्यांची कुंपणं संपली की ऊस सुरू होतो आणि शिरूर-दौंडच्या या पट्ट्यात तो दूरवर पसरलेला आहे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर माणूस दारं धरायला अंधारात उसात उतरतो. तोडणीच्या दिवसांत पाचटात हात घालणारी कुटुंबं फडाजवळच कोपी घालून राहतात. मग कधीतरी रात्री ‘पान लागलं’ म्हणून निरोप येतो. साप कोणता, हे बहुतेक वेळा कुणी पाहिलेलं नसतं. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातली बहुसंख्य खेड्यातली. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारालाच वाहून घेतलं, त्यामागे हेच वास्तव आहे.

अशा रुग्णासाठी जगातली बहुधा सर्वांत स्वस्त तपासणी वापरतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतून काढलेलं दोनेक मिली रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. विरजण लागलं का, हे घरात भांडं कलतं करून पाहतात, तितकीच ही कृती साधी. रक्त जागचं हललं नाही तर साकळलं. पाण्यासारखं वाहिलं तर आपल्या भागात संशय घोणस किंवा फुरशावर जातो. घोणसाच्या विषातली द्रव्यं रक्तातल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला चेतवतात, तर फुरशाचं विष थेट प्रोथ्रॉम्बिनलाच हात घालतं. दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. साकळण्याचं सामान अंगातल्या अंगात खर्ची पडतं आणि नळीत उतरतं ते फायब्रिनोजेन संपलेलं रक्त.

मोठ्या यंत्रावर काढलेला लांबलचक रिपोर्ट नातेवाइकांना कळत नाही. ही नळी कळते. ‘मॅडम, रक्त घट्ट झालं का?’ असं विचारणाऱ्या आजीला मी ती दाखवते. पुढचं समजावणं निम्म्यावर येतं.

पण साधी दिसणारी गोष्ट साधेपणाने करता येतेच असं नाही. इथे काच म्हणजे नुसतं भांडं नसतं. तिचा पृष्ठभाग रक्ताला साकळायला लावतो, म्हणून ती तपासणीचाच भाग आहे. साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही पातळ राहू शकतं. साधं प्लास्टिक तर हे काम करतच नाही. उलट लाल झाकणाच्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये साकळण्याला वेग देणारा सिलिकाचा थर असतो. त्यात पाहिलेली गुठळी खोटा दिलासा देऊ शकते. आता सगळीकडे प्लास्टिक आलं आहे, म्हणून कोऱ्या काचेच्या नळ्यांचा वेगळा डबा मी ठेवते आणि तो दुसऱ्या कशासाठी उघडू देत नाही. शंका असेल तेव्हा रुग्णाच्या नळीशेजारी एखाद्या धडधाकट नातेवाइकाच्या रक्ताची दुसरी नळी लावायची. दोन्ही शेजारी शेजारी दिसल्या की वाद उरत नाही.

दुसरी अडचण घाईची. बाहेर माणसं ताटकळलेली असतात, फोन वाजत असतो, आणि दहाव्या मिनिटाला नळी जराशी हलवून बघायचा मोह होतो. हलवलेली नळी मी बाद धरते. नळी भरल्याची वेळ तिच्यावरच चिकटपट्टीवर लिहायची, हा आमच्याकडचा नियम. कधी कधी निकाल मधलाच येतो. तळाशी गाळासारखी गुठळी, वर पातळ रक्त. तिथे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ लिहिण्यापेक्षा जे दिसलं तेच मी शब्दांत लिहिते. सौम्य बिघाड ही तपासणी हुकवू शकते, म्हणून शक्य असेल तिथे साकळायला किती सेकंद लागतात ते मोजणारी पीटी आणि तिचं प्रमाणित रूप, आयएनआर, हेही सोबत करते.

खरी माहिती एका नळीत नसते, नळ्यांच्या रांगेत असते. प्रतिसर्पविष दिल्यावर यकृत संपलेले घटक पुन्हा तयार करतं, त्याला काही तास लागतात. म्हणून साधारण सहा तासांनी तपासणी पुन्हा करायची. तेव्हाही रक्त वाहत असेल तर औषधाचा आणखी डोस द्यायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात. मधल्या वेळात पाळी बदललेली असते. रात्रीचे डॉक्टर गेलेले, सकाळचे आलेले. म्हणून केसपेपरच्या कडेला मी नळ्यांची छोटी चित्रं काढायला लागले. तिरकी नळी, आत काळं केलेलं रक्त घट्ट किंवा वाहतं, खाली वेळ, आणि मध्ये बाण करून दिलेल्या व्हायल. सकाळी येणारा डॉक्टर तेवढी एक ओळ पाहतो आणि रात्रीची गोष्ट त्याला कळते.

हीच पद्धत मी हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांसाठी वापरते. वॉरफरिन किंवा तशा गोळ्या घेणाऱ्याचा आयएनआर बहुतेकांत दोन ते तीनच्या दरम्यान राखायचा असतो, काही कृत्रिम झडपांसाठी थोडा वर. पूर्वी प्रत्येक लॅबच्या रसायनाप्रमाणे पीटीचे सेकंद बदलत. 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआरचा पायंडा पाडला आणि शिरूरचा आकडा पुण्यात वाचता येऊ लागला. तरी 3.4 या एकट्या आकड्यावरून घोडं चढावर आहे की उतारावर, हे कळत नाही. म्हणून रुग्णाच्या वहीत चौकटीचा कागद चिकटवून, डॉक्टरांनी ठरवलेला पट्टा हिरव्या पेन्सिलीने रंगवून, त्यावर दर वेळचा ठिपका देते. मेथी-पालकाचे दिवस आले, जेवणात पालेभाजी एकदम वाढली, की व्हिटॅमिन के मुळे ठिपका खाली घसरतो. ते रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. ‘भाजी बंद करू का?’ याचं उत्तर मग सोपं होतं. बंद नको, पण रोज साधारण तेवढीच.

मोठ्या शहरांतली यंत्रं याच्या पुढे गेली आहेत. 1948 मध्ये हायडेलबर्गला हेल्मुट हार्टर्ट यांनी थ्रोम्बोइलास्टोग्राफी शोधली. पेल्यात रक्त, त्यात टांगलेली पिन, आणि गुठळी घट्ट होत जाईल तशी कागदावर एका रेषेतून फाकत जाणारी आकृती. रेष फाकायला उशीर झाला तर साकळण्याचे घटक कमी, आकृती अरुंद राहिली तर प्लेटलेट किंवा फायब्रिनोजेन अपुरं, फाकून पुन्हा लवकर मिटली तर गुठळी विरघळते आहे. हृदयाची किंवा यकृताची शस्त्रक्रिया, मोठा अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, अशा वेळी ही आकृती रक्तपेढीतून नेमकं काय मागवायचं ते सुचवते. मात्र ती वाचायला सराव लागतो. त्यावर झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी व्हिज्युअल क्लॉट नावाची पद्धत काढली. आकृतीऐवजी पडद्यावर गुठळीचंच हलतं त्रिमित चित्र, आणि जे कमी ते चित्रातही उणं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत हे चित्र पाहून डॉक्टरांचे निर्णय अधिक अचूक आणि जलद झाले. ती चाचणी संगणकावरच्या उदाहरणांवर होती, रुग्णांवर नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण दिशा मला पटते. थकलेल्या माणसाला पहाटे तीन वाजता उलगडून वाचायला लावायचं नाही.

चित्राचा एक धोकाही आहे. ते जे दाखवतं त्यापलीकडचं विसरायला लावतं. काचेच्या नळीत रक्त छान साकळलं, म्हणजे विषबाधा नाही असं मुळीच नाही. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर जातं, त्यांच्या रुग्णाचं रक्त नेहमीसारखंच घट्ट होतं. तिथे पापण्या जड झाल्या का, गिळता येतं का, श्वास उथळ झाला का, हे खाटेशेजारी उभं राहून पाहावं लागतं. म्हणून माझ्या रिपोर्टखाली एक ओळ कायम असते : रक्त साकळलं तरी रुग्णाला घरी सोडू नये, निरीक्षण चालू ठेवावं. ही ओळ चित्राइतकीच महत्त्वाची आहे.

लहान गावातल्या माझ्या सहव्यवसायींना एवढंच सांगते : झुरिकचा पडदा येईल तेव्हा येईल, काचेच्या नळ्या, घड्याळ आणि पेन्सिल आजच आहेत. आणि वाचकहो, घरात कुणाला पान लागलंच तर चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा आणि नळी कधी लावली, पुन्हा कधी लावणार, हे नि:संकोच विचारा. तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.