तेलाचा पहिला थेंब

दिवाळीतील अभ्यंगस्नानापूर्वी तेलाच्या वाटीत बोट बुडवून जमिनीवर सात ठिपके देण्याची चाल आमच्या घरी पूर्वापार चालत आलेली आहे. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम या सात चिरंजीवांचे ते सात ठिपके. हे काम आईचे. गेल्या दिवाळीस ते माझ्याकडे आले, कारण त्याआधीच्या माघात ती गेली. मी पहिला ठिपका दिला, पहिले नाव घेतले आणि बोट तेथेच थांबले. उरलेली सहा नावे ताईने पुरी केली.

त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढील प्रवासाचा अर्थ लागावयाचा नाही. आईला मधुमेह होता. अखेरची दोन वर्षे तिच्या उजव्या टाचेची जखम काही केल्या भरून येईना. बोरगावच्या कारखान्यातून घरी आल्यावर रोज सायंकाळी ती जखम धुऊन पट्टी बांधणे हा माझा नेम होता. एके दिवशी मी फार थकून आलो होतो. पट्टी सोडताच दर्प आला आणि तोंडून शब्द निसटून गेले, "माय, हा पाय नव्हे, अश्वत्थाम्याचं कपाळ आहे." ती हसली. म्हणाली, "त्याले दारोदार तेल मागता तरी येते रे बापू." बस्स, एवढेच. परंतु त्या दिवसानंतर पट्टीसाठी तिने मला कधी हाक मारली नाही. मी होऊन जवळ बसलो तर पाय पुढे करी; नाही बसलो तर "आज राहू दे" म्हणे.

मार्गशीर्षात मी असीरगडास निघालो. अश्वत्थामा अद्यापि त्या किल्ल्यावर नित्य पहाटे शिवपूजेस येतो, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. आईच्या डोक्याच्या तेलाची अर्धी राहिलेली बाटली मी पिशवीत टाकली. सोबत ताईचा मुलगा होता. पांढुर्ण्याहून रेल्वेने इटारसी आणि तेथे गाडी बदलून खंडव्यावरून बऱ्हाणपूर, असा आमचा मार्ग ठरला. इटारसीच्या फलाटावर मी भाच्याला ती कथा सांगितली. कपाळातून रक्त वाहते, मरण येत नाही, रात्री हिंडतो, जो पाहील तो वेडा होतो, हे ऐकून तो उद्गारला, "म्हणजे मामा, हा आपला ड्रॅक्युलाच की!"

मला प्रथम राग आला. मग वाटले, पोराचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. रुमानियात ब्रान नावाचा एक जुना गड आहे. १३७७ साली राजाज्ञेने ब्राशोव्हच्या नागरिकांनी तो बांधावयास घेतला. रक्त पिणाऱ्या ड्रॅक्युलाचा वाडा म्हणून आज जगभरचे प्रवासी तेथे लोटतात. वास्तविक ज्या व्लाद राजाच्या नावावरून ते पात्र निर्माण झाले त्याची त्या गडावर कधी सत्ता नव्हती, आणि १८९७ साली ती कादंबरी प्रसिद्ध करणाऱ्या ब्रॅम स्टोकरने तो देश डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आपल्या वेताळपंचविशीतील कथा १८७० मध्ये इंग्रजीत उतरविताना रिचर्ड बर्टनने वेताळालाही तेच रक्तपिपासू पिशाचाचे नाव देऊन टाकले! गोमंतकातील वाचकांस हे वाचून हसूच येईल. आमोण्याचा बेताळ हे त्यांचे दैवत आहे. गावाच्या राखणीसाठी तो रात्री हिंडतो, हिंडून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्या भागात वेताळाला नव्या वहाणा वाहतात. रात्री फिरणाऱ्या अमर्त्य जीवासाठी युरोपच्या लोककथेने लाकडाचा खुंट तासून ठेवला. आपल्याकडे एकाला वहाणा दिल्या, दुसऱ्याला तेल. भाच्याला मी हे बोलून दाखविले तेव्हा तो म्हणाला, "पण मामा, ड्रॅक्युला निदान मरून सुटतो तरी!" यावर मजपाशी उत्तर नव्हते.

असीरगड बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर, सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर उभा आहे. दक्षिणेची किल्ली म्हणत ती हीच. आसा अहीर या गवळी राजाने तो बांधला असे सांगतात. त्याच्याकडून तो फारुकी सुलतान नासिरखानाने कपटाने घेतला. पुढे सुमारे वर्षभर वेढा घालून १६०१ मध्ये अकबराने तो जिंकला. १७६० च्या उदगीरच्या विजयानंतर तो मराठ्यांकडे आला व पुढे शिंद्यांच्या हाती राहिला. एकावर एक अशा तीन तटांतून चढून गेलो, तेव्हा उन्हे नुकतीच वर आली होती. जुन्या मशिदीचे दोन उंच मिनार दुरूनच दिसत होते. मात्र माझे मन या सनावळीत रमेना. एकाच प्रसंगापाशी ते अडले, आणि तो प्रसंग आमच्या मुलखाचा.

आमचे बोरगाव आज मध्य प्रदेशात, २०२३ साली झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडत असले, तरी हा मुलूख पूर्वी देवगडच्या गोंड राजांचा व नंतर नागपूरकर भोसल्यांचा. त्या घराण्यातील परसोजी भोसले १८१७ च्या फेब्रुवारीत आपल्या अंथरुणात मृत सापडले. झोपेत गळा दाबून त्यांचा वध करविल्याचा ठपका त्यांचे चुलतबंधू अप्पासाहेब यांच्यावर आला. अप्पासाहेब गादीवर बसले, सीताबर्डीस इंग्रजांशी लढून हरले, कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयास राहिले आणि १८१९ च्या आरंभी आले ते याच असीरगडावर! इंग्रजांनी गडास वेढा घातला. एप्रिलमध्ये गड पडला, तेव्हा अप्पासाहेब आत नव्हते. त्यानंतर ते पंजाबात गेले, मुलूखोमुलूख फिरले आणि १८४० साली जोधपुरास परक्याच्या आश्रयाने वारले. झोपलेल्यांचा घात आणि मग अखंड वणवण! महाभारतातील सौप्तिकपर्वाचे नावच झोपलेल्यांवरून पडलेले आहे. अश्वत्थाम्याने त्या रात्री पांडवांच्या शिबिरात शिरण्यापूर्वी शिवाची आराधना केली, शिवाकडून खड्ग मिळविले आणि निजलेली माणसे, द्रौपदीची पाच मुले देखील, कापून काढली. एवढ्याने भागले नाही म्हणून उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. अशा माणसाविषयी करुणा बाळगावी काय, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. द्रौपदीच्या जागी बसून पाहिले तर उत्तर निराळे येते.

त्या पर्वात श्रीकृष्णाने दिलेला शाप मात्र नीट वाचण्याजोगा आहे. पू आणि रक्ताचा दुर्गंध अंगावर वागवीत, कोणाशी एक शब्द न बोलता, निर्जन अरण्यांतून तू हिंडशील. किती काळ? ३,००० वर्षे. कलियुगाच्या अंतापर्यंत नव्हे! आपल्या पंचांगांच्या गणनेने कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये झाला आणि युद्ध त्याच्याही आधी. तेव्हा हिशोब मांडला तर शापाची मुदत इसवी सनास प्रारंभ होण्यापूर्वीच भरली. या डोंगरावर आसा अहिराचा पहिला चिरा बसण्याच्या कित्येक शतके आधी. देवाने घातलेली मर्यादा संपली, माणसांनी मात्र त्याला सोडले नाही. मी हा हिशोब मंदिराच्या पायरीवर बसून बोटांवर पुन्हा एकदा केला.

ते गुप्तेश्वर महादेवाचे मंदिर लहान आणि साधे आहे. पिंडीवर ताजी फुले होती. भाच्याने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिले. पण आम्ही पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि आमच्या आधी चार माणसे दर्शन घेऊन उतरताना भेटली होती. त्या फुलांवरून काही सिद्ध होत नव्हते. पायथ्याशी नारळ-उदबत्ती विकणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्यासोबत वर आले होते. मी त्यांना विचारले, "बाबा, आपण कधी पाहिलंत?" ते म्हणाले, नाही. मात्र त्यांचे वडील रात्री दाराबाहेर पणतीत थोडे तेल ठेवीत आणि सकाळी ते कमी झालेले असे. "उंदीर पीत असतील," भाचा म्हणाला. वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पीत असतील. आम्ही ठेवत होतो."

आमच्या भागात सौंसरजवळ जामसावळीस पिंपळाखाली पहुडलेला हनुमान आहे. बाधा झालेली, घरच्यांना नकोशी झालेली माणसे तेथे येऊन राहतात. आई दर वर्षी जात असे. सातांतला तोही एक चिरंजीव. त्याच्यापुढे नारळांचा ढीग, आणि त्याच सातांतल्या दुसऱ्याला जमिनीवर एक ठिपका. पण तो ठिपका सर्वांत आधी, आणि आईच्या हातून तो कधी चुकला नाही. द्रौपदीची कथा तिला पाठ होती, तरी चुकला नाही.

मी बाटली काढली. पायरीवर बोटाने एक ठिपका दिला. नाव घेण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा त्याचे आले नाही, आईचे आले. भाच्याने ते ऐकले असावे, कारण तो पाठ फिरवून मिनारांकडे पाहू लागला. उरलेले तेल मी त्या वृद्ध गृहस्थांच्या हवाली करणार होतो. ते म्हणाले, घरी न्या, दिवाळी पुन्हा येते.

उतरताना बूच नीट बसले नसावे. इटारसीस पिशवी उघडली तेव्हा धोतर, पंचा, पोथी सर्वांना तिळाच्या तेलाचा वास लागला होता, आणि बाटलीच्या तळाशी बोटभर तेल शिल्लक होते.