घाटात तापलेली गाडी

भाऊबीजेला चिपळूणहून कराडला माहेरी निघालो होतो. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाटाची चढण लागली आणि आमच्या वीस वर्षांच्या जुन्या, दांडग्या गाडीचा काटा लाल खुणेकडे सरकला. गोडसर वासही येऊ लागला. ह्यांनी गाडी कडेला घेतली नि थेट रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी हातच धरला! कुकरची वाफ जिरल्याशिवाय आपण झाकण काढतो का? आत तसंच दाबाखालचं कढत पाणी असतं. तोंडावर उडालं तर?

तासभर दरी बघत बसलो. गाडी निवल्यावर पाहिलं, तर वरच्या रबरी नळीच्या टोकाशी हिरवे थेंब! पट्टी सैल झाली होती. ह्यांनी ती आवळली, पिण्याचं पाणी आत ओतलं आणि हळूहळू कराड गाठलं. तिथे मेकॅनिककडून नळी बदलून कूलंट भरून घेतलं.

आता प्रवासाच्या आदल्या रात्री मी गाडीखाली पुठ्ठा पसरते. नुसतं पाणी दिसलं तर ते बहुधा एसीचं. रंगीत, चिकट डाग म्हणजे कूलंटची गळती. डाग नसूनही कूलंट कमी होत असेल, तर मेकॅनिकला दाखवावंच. आणि पुठ्ठा मुलांच्या हाती लागू देऊ नका, बरं का! कूलंट चवीला गोड, पण विषारी असतं.