विनंती अर्ज

अर्ज लिहावा तो मराठीच्या प्राध्यापकानेच, असा माझा जुना समज आहे. सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीपासून शेजारच्या काकूंच्या पेन्शनपर्यंत कितीतरी अर्ज माझ्या हातून गेले आहेत. 'महोदय' कुठे घालायचे, 'कृपावंत होऊन' कुठे, आणि शेवटचा 'आपला नम्र' किती वाकवायचा, हे मला बरोबर ठाऊक. म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये माझा भाचा लॅपटॉप घेऊन खोलीत आला आणि "मामा, एक अर्ज आहे, जरा नजर घालता का?" म्हणाला, तेव्हा मी चष्मा पुसून तयारच झालो.

मला आनंद झाला त्याला आणखी एक कारण होते. हा मुलगा आठवीत असताना सुट्टीत सांगलीहून आमच्याकडे आला होता. एके दिवशी त्याने 'वळवाचा पाऊस' असा निबंध लिहून मला दाखवला. मी तो लाल शाईने न्हाऊन काढला आणि खाली 'विस्कळीत' असा शेरा मारला. त्यानंतर त्याने स्वतःचे लिहिलेले एक अक्षरही मला दाखवले नव्हते. इंजिनिअरिंगसाठी पुण्यात येऊन आमच्याच घरी राहू लागल्यावरसुद्धा नाही.

अर्ज इंग्रजीत होता. गूगल कंपनी २००५ पासून 'समर ऑफ कोड' नावाचा एक उपक्रम चालवते. ज्यांचे प्रोग्रॅम सर्वांना खुले आहेत अशा मंडळ्या नवख्यांना काही महिने हाताशी धरून काम शिकवतात आणि त्यांचे विद्यावेतन गूगल देते. भाच्याने निवडलेल्या मंडळीचे नाव 'सिमपाय'.

"हे करते काय?" मी विचारले.

"मामा, आठाचे वर्गमूळ किती?"

मी मुकाट्याने मोबाईल उचलला. उत्तर आले २.८२८४२७१ आणि पुढे आकड्यांची माळ. त्याने सिमपायला तेच विचारले. उत्तर आले, दोन गुणिले दोनाचे वर्गमूळ. शाळेत आम्ही कागदावर लिहीत होतो तसेच, न तोडता न मोडता. बीजगणित, कलनशास्त्र, सगळे ते असे अक्षरांनिशी सोडवते. मला कळले ते एवढेच, की हे यंत्र घाईने आकड्यात शिरत नाही. हा गुण मला आवडला.

"आणि याचा मालक कोण?"

"एक असा कोणीच नाही. ओंद्रेय चेर्तीक नावाच्या चेक तरुणाने २००५ च्या उन्हाळ्यात सुरुवात केली. आता कोणीही वाचावे, वापरावे, बदलावे. विकलेत तरी चालेल, मूळ लिहिणाऱ्यांची नोंद आणि परवान्याचा मजकूर तेवढा काढायचा नाही."

माझ्यातला प्राध्यापक दचकला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच भयाने. ज्याने त्याने आपापल्या ओव्या घुसडून मूळ पाठ गढूळ केला होता. पुढे कोणी भर घालू नये अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. आणि इथे तर साऱ्या जगाला आवतण!

"आवतण आहे, पण उंबऱ्यावर राखण आहे," भाचा म्हणाला. ते पुढे सांगतोच.

तूर्त मी अर्जाला हात घातला. 'आपल्या थोर संस्थेत सेवेची संधी लाभल्यास मी आजन्म ऋणी राहीन' अशा अर्थाचे एक सणसणीत इंग्रजी वाक्य आरंभीच बसवले. त्याने ते वाचले आणि संकोचून पुसून टाकले.

"अहो मामा, त्यांना हे लागत नाही. ते विचारतात, आठवड्यागणिक काय करणार? मध्ये परीक्षा, लग्नकार्य काय आहे? आणि आधी प्रोग्रॅममधली एक तरी दुरुस्ती करून ती स्वीकारली गेली पाहिजे. ती नसेल तर अर्जाला अर्थ नाही."

म्हणजे नोकरी मागण्याआधी काम करून दाखवायचे! माझ्या साऱ्या अर्जविद्येचे त्या एका अटीने पाणी झाले.

त्याने दुरुस्ती पाठवली होती. एका ठिकाणी सूत्र सोपे करताना प्रोग्रॅम अडखळत होता, तेथे तीन ओळी बदलल्या होत्या. पण हे सारे उघड्यावर चालते. तुमच्या ओळी, त्यावरचे आक्षेप, तुमची उत्तरे, सारे कोणालाही वाचता येते. दूरदेशीच्या एका अनोळखी गृहस्थाने लिहिले होते : आभार, दुरुस्ती योग्य दिशेने आहे, पण उद्या कोणी हीच जागा पुन्हा बिघडवली तर कळणार कसे? त्यासाठी चाचणी जोडा. या दुसऱ्या ओळीत ऋण संख्या आली तर काय होईल, तेही पाहा.

हे वाचून भाचा दोन दिवस त्या पानाकडे फिरकलाच नव्हता. "सगळ्या जगासमोर चूक निघाली हो," तो म्हणाला. मी ते आक्षेप पुनःपुन्हा वाचले. त्यांत एकही विशेषण नव्हते. प्रत्येक ठिकाणी ओळ दाखवून प्रश्न विचारला होता. मला उगाच 'वळवाचा पाऊस' आठवला.

"ऋण संख्या आली तर खरेच काय होते?" मी विचारले.

त्याने करून पाहिले. चुकत होते. मग रात्री दीडपर्यंत त्याच्या खोलीतला दिवा जळत होता. त्याने पुन्हा पाठवले, पुन्हा दोन प्रश्न आले, पुन्हा त्याने पाठवले. यंत्राने सगळ्या चाचण्या आपोआप तपासल्या. चौथ्या खेपेला ती दुरुस्ती मूळ प्रोग्रॅममध्ये घेतली गेली. त्या दिवशी त्याने आमच्या सौभाग्यवतींकडे शिऱ्याची फर्माईश केली.

त्याची उमेद वाढायला आणखी एक गोष्ट कारण झाली. चेर्तीकने २०११ मध्ये प्रमुखपद सोडले आणि ते आले आरोन म्यूरर यांच्याकडे. ते स्वतः याच उन्हाळी उपक्रमातून विद्यार्थी म्हणून आत आलेले! अर्जदार पुढे घरचा कर्ता होतो, हे मी कचेऱ्यांत फारसे पाहिलेले नाही.

४ मे रोजी निकाल लागला. भाच्याची निवड झाली नाही.

सांगलीहून बहिणीचा फोन आला. "मग एवढी जागरणं फुकटच की रे!" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. भाचा शेजारीच उभा होता. त्याने फोन ठेवल्यावर लॅपटॉपवर एक लांबलचक यादी उघडली. एक तरी दुरुस्ती दिलेल्या सर्वांची नावे त्या यादीत असतात; पदवीप्रमाणे नव्हे, निवडीप्रमाणे नव्हे, ज्याची पहिली दुरुस्ती आधी त्याचे नाव आधी. सर्वांत वर चेर्तीक. तेथून खाली सरकत सरकत तो किती वेळ गेला कोण जाणे, मग बोट टेकवून म्हणाला, "हा मी."

आणि लगेच ते पान मिटून तो कसल्याशा दुसऱ्या अडखळणाऱ्या सूत्रापाशी जाऊन बसला.

माझ्या टेबलावर द्वितीय वर्षाच्या ट्यूटोरियलच्या वह्यांचा गठ्ठा होता. वरच्याच वहीवर मी दुपारी 'विस्कळीत' असे लिहून ठेवले होते. नेमके कुठे, ते शोधायला मी ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. रात्री अकरापर्यंत माझ्या चारच वह्या झाल्या.