पॅकार्डची पट्टी

उघड्या टपाच्या गाडीला वरून छताचा आधार नसतो. तिची बॉडी सरळ राहते ती खालच्या चासीमुळे आणि पत्र्याआडच्या लाकडी सांगाड्यामुळे. हे मला ठाऊक होतं. तरीही 1934 ची पॅकार्ड एट कन्व्हर्टिबल करडीच्या आमच्या शेडमध्ये उघडली, तेव्हा दारांच्या जागी आडवे लोखंडी आधार न बसवताच मी बॉडी चासीवरून उचलली. दुसऱ्या दिवसापासून धानकापणी सुरू होणार होती, मग उचलायला माणसं मिळाली नसती. त्या घाईत बॉडी मधोमध खचली.

त्याहून मोठी चूक पॅकिंगची. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये प्रत्येक बोल्टाजवळ वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या असतात. दार नेमकं बसावं म्हणून कारखान्यातल्या कारागिरांनी त्या एकेक लावून पाहिलेल्या असतात. मी त्यांच्यावर खुणा न करता त्या एकाच डब्यात टाकल्या. पुढे दारं वरून फाकायची आणि खालून घासायची, आणि मी महिनोन्‌महिने बिजागऱ्यांना दोष देत राहिलो.

कुजलेल्या सांगाड्याला मी सागवान वापरलं. आमच्या भागात त्याहून चांगलं लाकूड कोणी मानत नाही. पण मूळ लाकूड ॲश, चिवट आणि लवचिक. सागात तेल असतं. रंधा मारून लगेच चिकटवलं नाही तर गोंद धरत नाही. मी आदल्या दिवशी रंधलेले तुकडे जोडले. तुमसरच्या रस्त्याला गाडी काढली आणि सांधे कुरकुरू लागले. ते काम पुन्हा करता आलं.

क्रमांकाच्या पट्टीचं मात्र करता येणार नाही. त्या काळच्या पॅकार्डमध्ये इंजिनामागच्या पडद्यावर धातूची एक पट्टी असे. तिच्यावर गाडीचा क्रमांक, आणि विक्रेत्याचं नाव, शहर व गाडी हाती दिल्याची तारीख ठोकलेली असे. भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांचा. चकाकी म्हणजेच चांगलं काम, हे लहानपणापासून मनात बसलेलं. मी ती पट्टी स्वतः बफावर धरली. उथळ अक्षरं पुसली गेली, आणि आधी तिचा फोटोही काढला नव्हता. गाडीच्या मालकांना त्यांच्या आजोबांनी ती कुठून घेतली ते हवं होतं.

इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी लंडनच्या गर्नी नटिंगनी बॉडी बांधलेली ड्युसेनबर्ग एसजे आज अमेरिकेतही होळकरांची म्हणून ओळखली जाते, कारण तिचा जे-585 हा इंजिन क्रमांक आणि त्यामागचा इतिहास कुणी पुसला नाही. आमच्या पॅकार्डला राजघराणं नव्हतं; तिच्याकडे होती ती एवढी पट्टीच.

मालकांना मी हे सगळं सांगितलं. गाडीच्या फाइलमध्ये कुठलं लाकूड नवं, कुठली पॅकिंग अंदाजाने बसवलेली, आणि पट्टी कोणी, कशी पुसली, हे माझ्या सहीने लिहून ठेवलं आहे. नवी पट्टी कोरून द्याल का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी दिली नसती.