पालमचं वापिटी, टेबलावरचं टायगर मॉथ

दोस्तांनो, दिल्लीला गेलात की लाल किल्ला आणि कुतुबमिनार पाहणं होतंच. पण थोडा वेळ पालमसाठी राखून ठेवा. तिथं आपल्या हवाई दलाचं संग्रहालय आहे. जेट विमानांभोवती गर्दी असते. तुम्ही मात्र हँगरमधलं ‘वापिटी’ शोधा. कापडानं मढवलेलं, दुमजली पंखांचं विमान. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला ड्रिग रोड इथं हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे अशी चारच विमानं होती! (वापिटी हे अमेरिकेतल्या एका मोठ्या हरणाचं नाव, बरं का.)

आता त्याच्या तारा बघा. दोन पंखांमध्ये तिरप्या ताणलेल्या. शोभेची एकही नाही. काही तारा विमानाच्या पोटापासून वरच्या पंखाकडे जातात. उडताना हवा पंखांना वर उचलते, तेव्हा ते वर दुमडू नयेत म्हणून. काही उलट, मधल्या भागाच्या वरून खालच्या पंखाकडे येतात. विमान जमिनीवर असताना पंखांचं वजन त्या पेलतात. कुठली तार कुठून कुठे जाते ते वहीत काढून घ्या. पाहून काढलेलं चित्र विसरत नाही.

घरी आल्यावर असं मॉडेल करावंसं वाटेल. पण वापिटीला एकेका बाजूला खांबांच्या दोन जोड्या, तारांचं जाळंही दाट. पहिल्या प्रयत्नाला ते नको. ‘टायगर मॉथ’ घ्या. त्याला बाजूला खांबांची एकच जोडी असते. १९३१ साली प्रथम उडालेल्या या विमानावर आपले कितीतरी वैमानिक शिकले.

१:७२ प्रमाणात खऱ्या विमानाचा जवळजवळ नऊ मीटरचा पंख साडेबारा सेंटिमीटरचा होतो. सगळे भाग आधी रंगवा; वरचा पंख बसला की मध्ये ब्रश जात नाही. तारांची भोकंही आत्ताच पाडा. मग वरचा पंख टेबलावर पालथा ठेवून त्यात खांब उभे करा आणि बाकीचं विमान उलटं करून त्यावर टेकवा. दोन्ही बाजूंना काड्यापेट्या रचल्या की ते कलत नाही. डिंक सुकेपर्यंत हात लावायचा नाही, आणि हेच सगळ्यात अवघड!

सुलटं केल्यावर दचकाल. वरचा पंख पुढे सरकलेला, आणि पंख मागे झुकलेले! ओढून सरळ करायला जाऊ नका. आधीच्या मॉथ विमानांत पुढच्या सीटवरचा माणूस वरच्या पंखाच्या आणि खांबांच्या कोंडीत बसायचा. संकटात पॅराशूट घेऊन बाहेर पडणं कठीण. म्हणून टायगर मॉथमध्ये पंखाचा मधला भाग पुढे नेला, आणि तोल सांभाळायला पंख मागे झुकवले. तुमच्या टेबलावरची ती तिरकी रेघ कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून आलेली आहे.

राहिल्या तारा. खरी तार सहा मिलिमीटर जाड धरली, तर बहात्तर पटीनं लहान केल्यावर ती तुमच्या केसाइतकीच उरते! शिवणाचा दोरा म्हणजे दोरखंडच वाटेल. अगदी बारीक नायलॉन धागा आणा. किंवा किटमधली उरलेली प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर, मोठ्या माणसाला जवळ बसवून, मऊ करा आणि ज्योतीपासून दूर नेऊन हळूच ओढा. वीतभर लांब तार निघते. आधी मधल्या तारा बांधा, मग बाहेरच्या, आणि डावी-उजवी आलटून पालटून. एकाच बाजूला ताण दिला तर पंख तिकडे वळतो.

आणि हो, तारा लावताना पंखा बंद करायला सांगा. उकडेल, आजी कुरकुर करतील. अर्धा तास घरातल्या सगळ्यांनी सोसायचं.