राजूरचा मुक्काम व दाढेची टोपी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोलें तालुक्याच्या डोंगराळ भागांत राजूर हें बाजारपेठेचें गांव आहे. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणांत विसावते व तेथून अकोल्याच्या बाजूस उतरते. हें धरण १९१० सालीं बांधावयास घेतलें व १९२६ सालीं पुरें झालें. राज्यांतील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, याच तालुक्यांत आहे. १८४८ सालीं ठाण्यास फांशी गेलेले महादेव कोळी वीर राघोजी भांगरे याच मुलखांतले. येथल्या काळ्यापांढऱ्या डांगी बैलांच्या कातडीवर तेलकट स्राव येतो, म्हणून मुसळधार पावसांतही ते औत ओढतात.

गेल्या मार्गशीर्षांत रतनवाडीच्या अमृतेश्वराचें दर्शन घेण्याच्या हेतूनें आम्ही सहकुटुंब राजुरास उतरलों. रात्रीं नागलीच्या भाकरीचें जेवण चाललें असतां थोरल्या वहिनी एकाएकीं थांबल्या. "भावजी, दाढेची टोपी निघाली हो!" टोपीची एक कड तुटलेली होती. पुतण्यानें दुकानांतून झटपट चिकटणारा डिंक आणण्याची तयारी दाखविली. त्यास आम्हीं थांबविलें. तो डिंक तोंडासाठीं केलेला नसतो, हिरडी पोळते, आणि टोपी वांकडी बसली तर पुढें ती काढणेंही दुर्घट होतें. टोपी धुऊन डबींत ठेविली, वहिनींस मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा भरावयास दिल्या व वरणभात वाढला.

"दुखत नाहीं, मग आधीं अमृतेश्वर करूं," असा वहिनींचा आग्रह पडला. त्या दाढेची नस पूर्वींच काढलेली होती. तेव्हां दुखणार कोठून? परंतु हीच मेख आहे. नस गेलेला दांत ठिसूळ होतो, आंत कीड वाढली तरी तक्रार करीत नाहीं, आणि टोपीवांचून चावतांना उभा चिरला तर बहुधा उपटावाच लागतो. शिवाय उघड्या जागेकडे शेजारचे दांत हळूहळू सरकतात व जुनी टोपी बसेनाशी होते.

सुश्रुताचार्यांनीं मुखरोग पासष्ट सांगितले. त्यांत दंतमूलांचे पंधरा व दांतांचे आठ. आपल्या पूर्वजांस दांतांचें महत्त्व ठाऊक होतें. वाटसरूंचा रक्षक जो पूषा देव, त्याचे दांत दक्षयज्ञांत पडले व त्याच्या वांट्यास पिठाचा हविर्भाग आला, ही कथा आम्हीं वहिनींस सांगितली. "मग मलाही पेजच द्या," असें त्या हंसून म्हणाल्या व दुसऱ्या दिवशीं प्रवरेच्या काठाकाठानें खालीं संगमनेरास जाण्यास कबूल झाल्या.

तेथील दंतवैद्यांनीं छायाचित्र घेतलें. टोपीखालीं कीड लागली होती; दाढ मात्र शाबूत होती. कीड काढून त्यांनीं तात्पुरती टोपी बसविली व नव्या टोपीसाठीं माप घेतलें. चिकट व कठीण पदार्थ त्या बाजूनें चावावयाचे नाहींत, एवढेंच पथ्य सांगितलें. तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं अमृतेश्वरास बेल वाहिला.

या खोऱ्यांत आतां सोय पुष्कळ आहे. प्रवरेचेंच नांव धारण करणाऱ्या संस्थेचें दंतमहाविद्यालय लोणीस आहे. तरी वडील माणसांस घेऊन डोंगरांत जाण्यापूर्वीं त्यांचे दांत तपासून घ्यावे. सुटलेली टोपी तोंडांत ठेवून निजूं नये. ती श्वासमार्गांत गेल्याची शंका आल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. आणि एक गोष्ट घरच्या मंडळींनीं ध्यानांत धरावी: आपल्यामुळें इतरांचा प्रवास मोडूं नये म्हणून घरांतील वडील स्त्रिया दुखणें बोलत नाहींत. त्या बोलत नाहींत, म्हणूनच आपण विचारिलें पाहिजे.