एक घर पुढे

बुद्धिबळ मी आजोबांकडून शिकलो. त्यांच्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. दोन घरांची मुभा असते, हे मला कळले ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या जेमतेम आठवडाभर आधी. नियम पाठ झाला. सवय मात्र बदलली नाही.

पहिल्याच फेरीत प्रतिस्पर्ध्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे रेटले. मी राजाकडचा घोडा काढला, त्याच्या मूळ घरापुढचे प्यादे एक घर सरकवले आणि त्यामागे उंट आणून बसवला. पटाचा मध्यभाग त्याने व्यापला. मी हरलो. उठताना तो म्हणाला, "खेळ गावठी आहे तुझा." हा शब्द मला नवा नव्हता. त्याच वर्षी वर्गात मी 'पानी' म्हणालो, तेव्हाही हशा पिकला होता. पुन्हा स्पर्धेत मी उतरलो नाही.

पुढे भाषाविज्ञानात शिकलो, की दुसरी भाषा बोलताना पहिल्या भाषेच्या सवयी तिच्यात उतरतात. त्याच सुमारास १८५५ मधील कलकत्त्याचा एक डाव वाचनात आला. पांढरी मोहरी बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांची, काळी महेशचंद्र बॅनर्जी यांची. महेशचंद्रांच्या पहिल्या दोन चाली माझ्याच होत्या! देशी नियमांची सवय त्यांच्या खेळात दिसते, असे अभ्यासक मानतात. अशा सुरुवातींना आज जगभर 'भारतीय बचाव' म्हणतात.

तो डाव महेशचंद्रही हरले. पण तिसऱ्या चालीला त्यांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून मध्यभागावर थेट आघात केला होता. १९२२ मध्ये व्हिएन्ना येथे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी याच तीन चालींनी सुरुवात करून अलेखाइन यांना हरवले. पुढे त्या सुरुवातीला ग्रुनफेल्ड यांचे नाव मिळाले. माझी चूक तेव्हा उमगली. मी मध्यभाग सोडला, पण त्यावर उलट मारा केलाच नाही. दोष एका घराच्या चालीचा नव्हता. तिचे सामर्थ्य मला ठाऊक नव्हते.

परवा संपर्कसत्रात एक विद्यार्थिनी उत्तर येत असूनही गप्प राहिली. "सर, माझं बोलणं गावठी आहे," ती म्हणाली. मी फळ्यावर चौसष्ट घरे आखली आणि महेशचंद्रांचा डाव मांडला. तिसऱ्या चालीनंतर थांबून तिला तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने तिच्या बोलीत उत्तर दिले. ते अचूक होते.